शंकासमाधान : ‘गेट’ आणि त्याचे गोत

इंग्रजी क्रियापदांविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे ‘गेट’ या एकाच क्रियापदाभोवती फिरणारी होती, म्हणून या वेळी ती एकत्र घेतली आहेत. आरंभीच एक खुलासा करायला हवा. फाटकाला आपण जो ‘गेट’ म्हणतो तो शब्द आणि हे क्रियापद देवनागरीत सारखेच दिसत असले, तरी इंग्रजीत त्यांचे उच्चार वेगळे आहेत. ‘एक्का’ म्हणताना पहिला स्वर जसा तोकडा होतो, तसा या क्रियापदातला ए तोकडा आहे. फाटकातला लांब आहे. पुढे जेथे नुसते ‘गेट’ लिहिले आहे, तेथे क्रियापद समजावे.

प्रश्न : माझा मुलगा सातवीत आहे. दिवाळीच्या सुट्टीतल्या सहलीवर त्याने इंग्रजीत निबंध लिहिला. त्यात ‘गॉट’ हा शब्द सहा वेळा आला म्हणून बाईंनी सहाही ठिकाणी लाल शाईने गोल केले आणि खाली ‘चांगल्या इंग्रजीत हा शब्द टाळावा’ असा शेरा मारला. वहीच्या पानाची प्रत सोबत जोडली आहे. हा शब्द खरोखरच गावंढळ आहे का? नसेल, तर त्याचे इतके अर्थ मुलाने पाठ तरी कसे करावेत? (एक पालक, पुणे)

उत्तर : आपल्या मुलाचे पान मी दोनदा वाचले आणि मला ते फार आवडले. त्यातली सहा वाक्ये अशी आहेत : ‘आय गॉट अप ॲट फाइव्ह’, ‘वुई गॉट रेडी’, ‘वुई गॉट द महाबळेश्वर बस ॲट स्वारगेट’, ‘आय गॉट अ विंडो सीट’, ‘आय गॉट सिक इन द पसरणी घाट’ आणि ‘वुई गॉट डाउन ॲट पाचगणी’. यांपैकी पहिल्या पाच वाक्यांत व्याकरणाची एकही चूक नाही आणि इंग्रज मुलानेही ती जवळपास अशीच लिहिली असती. सहाव्या वाक्याबद्दल थोडे सांगायला हवे. बसमधून उतरण्याला इंग्लंड-अमेरिकेत ‘गेट ऑफ’ म्हणतात. ‘गेट डाउन’ म्हणजे झाडावरून, शिडीवरून किंवा टेबलावरून खाली येणे. आपल्या ‘उतरणे’ या क्रियापदात खाली येण्याचा भाव असल्यामुळे भारतीय इंग्रजीत ‘गेट डाउन’ रुळले. भारतात ते सगळ्यांना समजते, पण परीक्षेत ‘गेट ऑफ’ लिहिणे बरे.

आता हीच वाक्ये मराठीत आणून पाहा. पाचला उठलो, तयार झालो, स्वारगेटला महाबळेश्वरची एसटी मिळाली, खिडकीची जागा मिळाली, पसरणीच्या घाटात गाडी लागली, पाचगणीला उतरलो. इंग्रजीतले क्रियापद सहाही वेळा एकच. मराठीत मात्र उठणे, होणे, मिळणे, लागणे आणि उतरणे अशी पाच क्रियापदे आली. म्हणूनच ‘गेट म्हणजे मिळणे’ असे पहिलीत पाठ केलेले मूल दुसऱ्याच धड्यात गोंधळून जाते, आणि मग या शब्दाला शंभर अर्थ आहेत असे त्याला वाटू लागते. कोशात पाहिले तर ते वाटणे खोटेही नाही. ऑक्सफर्डच्या महाकोशाचा पहिला भाग 1884 साली निघाला आणि पहिली आवृत्ती 1928 साली पुरी झाली. त्यात या शब्दाचे अक्षर हेन्री ब्रॅडली यांच्या वाट्याला आले होते. कोशकाराला प्रत्येक छटा वेगळी नोंदवावीच लागते, ते त्याचे काम आहे. शिकणाऱ्याने मात्र त्या छटांच्या मुळाशी असलेला एक अर्थ आधी धरावा.

तो अर्थ असा : जे आधी नव्हते तेथवर येणे. वस्तू हाती नव्हती, ती आली. तेव्हा गेटपुढे नाम येते आणि आपण ‘मिळाली’ किंवा ‘आणली’ म्हणतो. एखाद्या ठिकाणी नव्हतो, तेथे पोहोचलो. तेव्हा गेटपुढे ठिकाण येते. एका अवस्थेत नव्हतो, तिच्यात आलो; तेव्हा गेटपुढे विशेषण येते, जसे ‘गेट वेट’ म्हणजे भिजणे, ‘गेट ओल्ड’ म्हणजे म्हातारे होणे, ‘गेट रेडी’ म्हणजे तयार होणे. ‘गेट अप’मध्ये माणूस आडव्याचा उभा होतो, ‘गेट ऑफ’मध्ये तो गाडीतून बाहेर येतो. प्रत्येक ठिकाणी बदल आहे, आणि बदलाच्या शेवटच्या टोकावर बोट आहे. मुलाला शंभर अर्थ पाठ करायला लावू नका. गेटच्या पुढे काय आले आहे एवढेच त्याला दर वेळी पाहायला सांगा. नाम, ठिकाण, विशेषण, की दुसरे क्रियापद, हे कळले की अर्थ बहुतेक वेळा आपोआप उलगडतो. यात एक सावधगिरी आहे. ‘तो डॉक्टर झाला’ याचे भाषांतर ‘ही गॉट अ डॉक्टर’ असे होत नाही, कारण त्याचा अर्थ ‘त्याने डॉक्टर बोलावून आणला’ असा होतो. होण्याच्या अर्थाने गेटपुढे विशेषण चालते, नाम चालत नाही. तेथे ‘बिकेम’ हवे.

अशा क्रियापदाची मराठी माणसाला खरे तर धास्ती वाटायला नको, कारण त्याच्या स्वतःच्या घरात ‘लागणे’ आहे. भूक लागते, झोप लागते, ठेच लागते, दिवा लागतो, नोकरी लागते, निकाल लागतो, कारले कडू लागते, प्रवासाला चार तास लागतात, तो माझा चुलत मामा लागतो, मूल बोलू लागते, सकाळी लवकर उठावे लागते. संस्कृतमधल्या ‘लग्’ या धातूत चिकटण्याचा, जवळ येऊन भिडण्याचा जो अर्थ होता, त्याच्यापासून एवढा पसारा झाला. मोल्सवर्थ यांच्या 1857 सालच्या मराठी-इंग्रजी कोशात ‘लागणें’ उघडून पाहा, म्हणजे परक्या माणसाला आपले हे साधे क्रियापद केवढे भारी पडत असेल याची कल्पना येईल. आपल्याला ते कधी पाठ करावे लागले नाही. ‘घाटात मला गाडी लागली’ असे म्हणणाऱ्या मुलाला गाडीने धडक दिली, असे कोणत्याही मराठी आईला वाटत नाही, कारण शेजारचे ‘घाटात’ आणि ‘मला’ हे शब्द तिला अर्थ सांगत असतात. गेटचेही असेच आहे.

राहिला बाईंचा शेरा. या शेऱ्याचा जन्म आपल्या शाळांत झालेला नाही. तो इंग्लंडातून आलेला आहे आणि चांगला दोनशे वर्षांचा जुना आहे. तिकडच्या जुन्या वर्तमानपत्रांत आणि शालेय पुस्तकांत ‘गॉट’ची खोड मोडण्यासाठी एक उतारा पुन्हा पुन्हा छापला जात असे. त्यात एक गृहस्थ सांगतो की तुमचे पत्र मिळाल्यावर दहा मिनिटांत मी घोड्यावर बसलो, कँटरबरीला पोहोचलो तेव्हा पुढच्या प्रवासाला घोडागाडी केली, पण कँटरबरीला पोहोचण्यापूर्वीच चिंब भिजलो आणि अशी सर्दी झाली की ती लवकर जाणार नाही. मग दाढी करून घेतली, कचेरीत गेलो, उत्तर मिळाले नाही, खाणावळीत परतलो, जेवण मिळाले आणि अंथरुणावर पडलो. मी वर जितकी वेगवेगळी क्रियापदे वापरली, तितक्या सगळ्या जागी मूळ इंग्रजी उताऱ्यात ‘गॉट’ किंवा त्याचेच रूप आहे. हा उतारा शिक्षकांनी वाईट इंग्रजीचा नमुना म्हणून वापरला. मला मात्र तो वाचताना दर वेळी वाटते की त्याने उलटीच गोष्ट सिद्ध होते : शब्द एकच असूनही वाचणाऱ्याला एकाही जागी अडायला होत नाही. जे क्रियापद एवढे ओझे न सांडता वाहते, त्याला गावंढळ म्हणणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

तरीही बाईंची बाजू पूर्णपणे चुकीची नाही, हे आपल्या मुलाला अवश्य सांगा. एकाच पानात सहा वेळा तोच शब्द आला की वाचताना कंटाळा येतो. ‘लागणे’ सहा वेळा आले तर मराठीतही येईल. अर्ज, अहवाल, शास्त्रीय लेख अशा लेखनात ‘रिसीव्ह’, ‘ऑब्टेन’, ‘बिकम’, ‘अराइव्ह’ यांसारखी अर्थ नेमका बांधून देणारी क्रियापदे निवडण्याचा प्रघात आहे आणि तो पाळावा. परंतु सातवीतल्या मुलाने सहलीची गोष्ट सांगताना ‘आय अरोज फ्रॉम बेड’ असे लिहावे, अशी अपेक्षा धरली तर त्याची भाषा सुधारण्याऐवजी अवघडते. त्या पानावरचा ‘वुई गॉट द बस’ हा प्रयोग ‘वुई कॉट द बस’ असा आणि ‘गॉट सिक’ हा ‘फेल्ट सिक’ असा बदलून पाहायला हरकत नाही. ‘गॉट अप’ आणि ‘गॉट रेडी’ मात्र आहेत तसेच राहू द्यावेत. त्यांच्या जागी दुसरे काही बसवले तर ते कृत्रिम वाटेल.

प्रश्न : इंग्रजी ‘गेट’ आणि मराठी ‘घेणे’ यांचा उच्चार व अर्थ इतके जवळचे आहेत की दोन्ही एकाच धातूपासून आले असावेत असे वाटते. तसे आहे का? (निवृत्त शिक्षक, रत्नागिरी)

उत्तर : ही शंका मलाही विद्यार्थिदशेत आली होती. दोन्ही भाषा एका मोठ्या कुळातल्या असल्याने असे साम्य सापडले की हर्ष होतो, परंतु येथे ते साम्य योगायोगाचे आहे. ‘घेणे’ हे प्राकृत ‘गेण्हइ’मधून आणि ते संस्कृत ‘गृह्णाति’मधून आले. त्याचे वैदिक रूप ‘गृभ्णाति’ असे होते, आणि इंग्रजीत त्याचा नातेवाईक शोधायचाच झाला तर ‘ग्रॅब’ या शब्दाकडे काही कोशकार बोट दाखवतात. गेटचे गोत वेगळे आहे. संस्कृत, लॅटिन, इंग्रजी यांची आदिम पूर्वज मानलेल्या मूळ भारोपीय भाषेत पकडणे या अर्थाचा जो एक धातू मानला जातो, त्याचा आरंभ ‘घ’सारख्या ध्वनीने होत असे. इंग्रजी ज्यांत मोडते त्या जर्मानिक भाषांत त्या ध्वनीचा ‘ग’ झाला आणि लॅटिनमध्ये ‘ह’. त्यामुळे लॅटिनमधले ‘प्रेहेंदेरे’, म्हणजे धरणे, हे क्रियापद गेटचे चुलतभावंड ठरते. ‘प्रिझन’, ‘अप्रेंटिस’, ‘सरप्राइज’, ‘एंटरप्राइज’, ‘कॉम्प्रिहेंड’ हे सारे शब्द त्या लॅटिन शाखेचे आहेत. धरून ठेवण्याची जागा तो तुरुंग, आणि बुद्धीने धरणे ते आकलन. आपणही ‘ग्रहण करणे’, ‘ध्यानात घेणे’, ‘मुद्दा पकडणे’ असेच म्हणतो, आणि आजचा इंग्रज ‘समजले’ या अर्थी ‘आय गेट इट’ म्हणतो. धरण्यातून समजण्याकडे जाणारी ही वाट वेगवेगळ्या भाषांनी आपापली शोधलेली आहे.

गेट इंग्रजीत आला कोठून, ही हकिकत मात्र सविस्तर सांगण्याजोगी आहे. जुन्या इंग्रजीत याच धातूची उपसर्ग लागलेली क्रियापदे होती : मिळवणे या अर्थाचे एक, विसरणे या अर्थाचे एक, जाणणे या अर्थाचे एक. उपसर्गाशिवायचे, सुटे, रोजच्या वापरातले ‘गेट’ मात्र इंग्रजीला उत्तरेकडच्या दर्यावर्दी लोकांनी दिले. 793 साली लिंडिसफार्नच्या मठावर व्हायकिंगांचा, म्हणजे याच दर्यावर्दींचा, छापा पडला; 865 साली त्यांच्यापैकी डेन लोकांचे मोठे सैन्य इंग्लंडात उतरले आणि पुढच्या वर्षी त्यांनी यॉर्क घेतले. 878 साली आल्फ्रेड राजाने त्यांचा पराभव केला, तरी देशाचा उत्तर आणि पूर्व भाग त्यांच्या अमलाखाली राहिला आणि ते तेथे शेती करून स्थायिक झाले. आपल्याकडे गावाच्या नावातल्या ‘वाडी’, ‘पूर’, ‘खुर्द’ यांवरून वस्तीचा इतिहास कळतो, तसा तिकडे डर्बी, व्हिटबी, ग्रिम्सबी या नावांतल्या ‘बी’वरून कळतो, डेनिश बोलीत ‘बी’ म्हणजे वस्ती. त्यांची भाषा आणि इंग्रजी या जवळच्या बहिणी होत्या. बांधाला बांध लागलेला, बाजार एक, सोयरीक होऊ लागलेली, अशा स्थितीत शब्दांची देवघेव इतकी खोलवर झाली की ‘दे’ आणि ‘देम’ यांसारखी सर्वनामेसुद्धा इंग्रजीने त्यांच्याकडून उचलली. ‘टेक’, ‘नाइफ’, ‘लेग’, ‘स्काय’, ‘विंडो’ हे शब्द त्याच मार्गाने आले. विंडोचा मूळ अर्थ ‘वाऱ्याचा डोळा’, आणि तो मला या सगळ्यांत लाडका आहे. मिळवणे, गाठणे या अर्थांचे ‘गेटा’ हे त्यांचे क्रियापद सन 1200च्या सुमारास इंग्रजी लेखनात दिसू लागते.

हा शब्द त्यांचाच, इंग्रजांचा मूळचा नव्हे, याचा पुरावा त्याच्या पहिल्या व्यंजनात आहे. जुन्या इंग्रजीत इ-ए या स्वरांपूर्वीचा ‘ग’ मऊ होऊन ‘य’ झाला होता. म्हणून विसरणे या क्रियापदाचे मध्ययुगीन रूप ‘फॉर्येटेन’ असे होते आणि चौदाव्या शतकात लंडनचा कवी चॉसरही ‘य’ घातलेली रूपे वापरतो. उत्तरेच्या भाषेत ‘ग’ कठीणच राहिला होता. दोन्ही उच्चार काही शतके शेजारी शेजारी नांदले. छपाईची कला इंग्लंडात आणणाऱ्या कॅक्स्टनने 1490 साली एका पुस्तकाच्या प्रस्तावनेत याचा एक जिवंत प्रसंग नोंदवून ठेवला आहे. टेम्स नदीतून परदेशी निघालेले काही व्यापारी वारा पडल्यामुळे किनाऱ्यावर थांबले. त्यांच्यातल्या एकाने एका घरी जाऊन खायला मागितले आणि विशेषतः ‘एग्ज’ आहेत का असे विचारले. घरधनीण म्हणाली, मला फ्रेंच येत नाही. तो व्यापारी रागावला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हते. शेवटी दुसऱ्याने ‘आयरेन’ हवे आहेत असे सांगितले, तेव्हा तिला चटकन कळले. अंड्याला ‘एग’ हा उत्तरेचा शब्द, ‘आयरेन’ हे जुन्या इंग्रजी शब्दाचे अनेकवचन. एकात कठीण ‘ग’, दुसऱ्यात त्याचा विरघळलेला ‘य’. अंड्याच्या बाबतीत जो उच्चार जिंकला, तोच ‘गेट’, ‘गिव्ह’ आणि ‘फर्गेट’ यांच्या बाबतीतही जिंकला.

‘फर्गेट’चा उल्लेख आलाच आहे, तर त्याची घडणही पाहू. त्यातला ‘फर’ हा दूर, वावगे, नाहीसे असा भाव आणणारा उपसर्ग. धरलेले हातून निसटले म्हणजे फर्गेट. मराठी ‘विसरणे’ हे संस्कृत ‘वि’ आणि ‘स्मृ’ यांच्यापासून आलेले आहे. धातू निराळे, उपसर्ग निराळे, पण बांधणी तीच : एका भाषेने धरण्याला उपसर्ग लावून विसरणे केले, दुसरीने आठवण्याला लावून. अंदाज करणे या अर्थाचे ‘गेस’ हेही बहुधा याच उत्तरी गोतातले. ‘बिगेट’ म्हणजे संततीला जन्म देणे. 1611च्या इंग्रजी बायबलात मत्तयाच्या पहिल्या अध्यायात अब्राहामापासूनची वंशावळ ‘बिगॅट’, ‘बिगॅट’ असे म्हणत पुढे सरकते. मराठी बायबलात त्या जागी ‘झाला’ आहे : अब्राहामाला इसहाक झाला. आपल्याला मूल होते, इंग्रजीतला पिता ते मिळवतो.

फाटकाचा ‘गेट’ या गोतात बसत नाही. तो जुन्या इंग्रजीतला स्वतंत्र शब्द आहे. आणि कधी यॉर्कला जाणे झालेच, तर तेथे तिसराच गेट भेटतो. त्या शहरात स्टोनगेट, कॉपरगेट, मिकलगेट ही फाटकांची नावे नसून रस्त्यांची आहेत, कारण डेन लोकांच्या भाषेत ‘गाटा’ म्हणजे रस्ता. तटाच्या दरवाजांना तेथे ‘बार’ म्हणतात.

प्रश्न : अमेरिकेत असलेली माझी मुलगी पत्रात ‘गॉटन’ असे रूप लिहिते. शाळेत आम्ही ‘गेट, गॉट, गॉट’ असे घोकले. तिची चूक होते आहे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : चूक नाही. आपल्या शाळांत ब्रिटिश वळण शिकवले जाते, तिच्या आसपास अमेरिकी वळण आहे, एवढाच फरक. ‘गॉटन’ हा अमेरिकेने काढलेला नवा प्रकार आहे, असा समज इंग्लंडातही पुष्कळांचा असतो, पण वस्तुस्थिती उलटी आहे. सतराव्या शतकात इंग्लंडातून माणसे अमेरिकेत गेली तेव्हा ‘गॉटन’ हे इंग्लंडातले चालू रूप होते. वर सांगितलेल्या 1611च्या बायबलात काइनाच्या जन्मानंतर हव्वा तेच रूप वापरते. पुढे इंग्लंडने ते टाकले, अमेरिकेने जपले. घर सोडून परमुलुखात गेलेल्यांच्या बोलीत जुनी रूपे टिकून राहतात, हे तंजावरच्या मराठीकडे पाहिलेल्या कोणालाही नवे वाटणार नाही. इंग्लंडातही ‘फर्गॉटन’ आहेच, आणि वाममार्गाने मिळवलेल्या पैशाला अजूनही ‘इल-गॉटन’ म्हणतात.

अमेरिकी माणूस मात्र ‘गॉटन’ सर्वत्र लावत नाही, हे आपल्या मुलीला ठाऊक असणारच. जवळ असणे या अर्थी तोही ‘आय हॅव गॉट अ कार’ म्हणतो; ‘आय हॅव गॉटन अ कार’ म्हणजे गाडी घेतली, मिळवली. तसेच ‘आय हॅव गॉट टु गो’ म्हणजे मला जावे लागणार, आणि ‘आय हॅव गॉटन टु गो’ म्हणजे मला जायला मिळाले. मराठीत ‘जावे लागले’ आणि ‘जायला मिळाले’ यांत सक्ती आणि संधी यांचा जो फरक आपण सहज करतो, तो अमेरिकी इंग्रजी एका ‘न’च्या आधारे करते. मला ही सोय हेवा वाटण्यासारखी वाटते, आणि ब्रिटिशांनी ती गमावली याची खंतही वाटते. आपण मात्र परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत किंवा ब्रिटिश वळणाच्या लेखनात ‘गॉट’च लिहावे आणि एका लेखात दोन्ही वळणे मिसळू नयेत.

प्रश्न : नोकरीच्या मुलाखतीत मी ‘गेल्या वर्षी आम्ही घर बांधले’ याचे इंग्रजी ‘वुई बिल्ट अ हाउस’ असे सांगितले. त्यावर ‘स्वतः बांधलेत का’ असे विचारण्यात आले आणि मी गांगरलो. येथे गेट वापरायला हवे होते का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : आपले वाक्य अशुद्ध नव्हते, इंग्रजीतही माणसे असे बोलतात. गवंड्याच्या हाताखाली आपण विटा वाहिल्या नाहीत हे ऐकणाऱ्याला संदर्भाने कळायला हवे होते. परंतु ही जागा आपल्या बोलण्याच्या सवयीची आहे खरी. मराठीत आपण ‘केस कापले’, ‘ब्लाऊज शिवला’, ‘गाडी दुरुस्त केली’ असे म्हणतो आणि न्हावी, शिंपी, मेकॅनिक यांना गृहीत धरतो. इंग्रजीत ‘आय कट माय हेअर’ म्हटले की कात्री बोलणाऱ्याच्याच हातात दिसते. तेथे ‘आय गॉट माय हेअर कट’ असे म्हणावे लागते. क्रम ध्यानात ठेवा : गेट, मग वस्तू, मग क्रियापदाचे तिसरे रूप. ‘वुई गॉट अ हाउस बिल्ट’ हे आपले वाक्य झाले असते. मुलाखतीसारख्या औपचारिक प्रसंगी ‘गॉट’च्या जागी ‘हॅड’ घातले तर ते अधिक शोभते.

या रचनेला मराठीत तंतोतंत जोड आहे, ती आपण बोलतो पण तिच्याकडे पाहत नाही : ‘केस कापून घेतले’, ‘गाडी दुरुस्त करून घेतली’, ‘पंचनामा करवून घेतला’. मनात आधी हे ‘करून घेणे’ आणले की इंग्रजीत गेट सहज सुचतो. वस्तूऐवजी माणसाकडून काम करवायचे असेल, तर माणसाच्या नावापुढे ‘टु’ येतो. ‘आय गॉट हिम टु साइन’ म्हणजे मी त्याच्याकडून सही करून घेतली. ‘मेड’ वापरले तर सक्ती होते. गॉटमध्ये समजूत घालणे, गळ घालणे, चिकाटी धरणे हे सगळे येते.

याच रचनेच्या शेजारी आणखी एक आहे, ती तेवढी सांगून थांबतो. ‘ही वॉज अरेस्टेड’ म्हणजे त्याला अटक झाली. ‘ही गॉट अरेस्टेड’मध्येही अटकच होते, पण बोलण्यातला हा प्रयोग ती गोष्ट त्याच्यावर ओढवली, बहुधा त्याच्याच काही वागण्याने, असे सुचवतो. आणि ‘ही गॉट हिमसेल्फ अरेस्टेड’ म्हणजे त्याने अटक ओढवून घेतली किंवा मुद्दाम करवून घेतली. सत्याग्रहीची अटक सांगताना तिसरे वाक्य चालेल. चुकून पकडल्या गेलेल्या निरपराध माणसाविषयी लिहिताना पहिलेच वापरावे.